मांजरामुळे इन्फेक्शन होतं का? आमच्याकडे झालंय, तरी पिल्लू आणा म्हणते

"घरात 7 वर्षांची मुलगी आहे, मांजराचं पिल्लू आणायचंय, तिला काही इन्फेक्शन होईल का?" असं विचारलंय तुम्ही. होऊ शकतं. आमच्या घरात झालंय म्हणून तर लिहायला बसले.

मुलगा तेव्हा 9 वर्षांचा होता. पार्किंगमधून पिल्लू उचलून आणलं, नाव ठेवलं ठमी. पिल्लूच ते, खेळता खेळता बोचकारायचंच. एकदा मनगटाजवळ जरा खोल ओरखडा गेला, रेबीजची इंजेक्शनं सुरू केली आणि आम्ही निर्धास्त. आठवडाभराने तिथे लाल फोड आला, डास चावला असेल म्हणून सोडून दिला. मग 15-20 दिवसांनी अंघोळ घालताना काखेत गाठ हाताला लागली, चांगली लिंबाएवढी, अंगात कणकण. आपल्याकडे गाठ म्हटली की आधी टीबी. एक्सरे झाला, मॅन्टू म्हणजे टीबीची कातडीवरची टेस्ट झाली, गाठीत सुई घालून तपासणी झाली, टीबी काही निघेना. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते आम्ही अक्षरशः केलं, कारण घरात मांजर आहे का हे एकाही डॉक्टरने विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. चौथ्या डॉक्टरबाईंनी हात उलटा करून तो वाळलेला फोड बघितला आणि पहिला प्रश्न तोच विचारला. रक्ताची तपासणी केली, बार्टोनेला हेन्सेली नावाचा जंतू निघाला. 5 दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं, गाठ जिरायला दोन महिने लागले, बस्स.

पण 'मांजरामुळे झालं' एवढंच ऐकून माझे मोठे दीर त्याच संध्याकाळी ठमीला पिशवीत घालून मच्छी मार्केटला सोडून आले. मला न विचारता. गाडीची किल्ली ह्यांनी दिली.

आणि गंमत बघा, हा जंतू मांजरांमध्ये पसरतो तो पिसवांमुळे. पिसवांची घाण मांजराच्या अंगावर पडते, खाजवताना ती नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्या अंगात जाते. मांजर स्वतः बहुतेक वेळा आजारी दिसतही नाही. पिसवांचे मानेवर टाकायचे थेंब येतात, चार-पाचशे रुपयांचे, ते आणा म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. "रस्त्यावरच्या मांजराचे एवढे लाड कशाला" कोण म्हणालं होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहितीये.

तर तुम्ही थेंब टाकाच, पण प्राण्यांच्या डॉक्टरला विचारून. कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराला अजिबात लावू नका, जीव जातो. नखं कापा, ओरखडा आला की लगेच साबणाने धुवा. वर्षाच्या आतल्या पिल्लांकडून हे जास्त होतं, त्यामुळे मोठं मांजर मिळालं तर उत्तमच, हे खरं आधी लिहायला हवं होतं. आणि चावलं तर गोष्ट वेगळी, मांजराचे दात बारीक असतात, खोल जातात, पाश्चुरेला नावाचा जंतू एका दिवसात हात सुजवतो, तिथे घरगुती हळद लावत बसू नका. घरात कोणी केमोवर असेल किंवा किडनी वगैरे बदललेली असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरला विचारा, मगच पिल्लू.

दीर अजून दिवाळीला आले की "मी वेळेत सोडून आलो म्हणून पोरगं बरं झालं" सुरू करतात. अहो, ही गाठ बहुतेक पोरांची औषधाशिवायही जिरते, मांजर घरात असलं तरी जिरते! सांगून सांगून थकले, आता हेच उत्तर फॅमिली ग्रुपवर टाकणारे.