भ्रूण लिहावं की गर्भ?

प्रश्न असा आला आहे: 'वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका दवाखान्याचं संमतिपत्र मी मराठीत करते आहे. एम्ब्रियोला भ्रूण लिहू की गर्भ? फीटस आलं तर काय? लोकांना गर्भ हा शब्द जास्त कळतो, मग सगळीकडे तोच का नको?'

आधी सरळ उत्तर देतो. एम्ब्रियोला (फलनानंतरचे पहिले आठ आठवडे) भ्रूण लिहा, फीटसला (त्यानंतर जन्मापर्यंत) गर्भ. आणि संमतिपत्रात तरी दोन्हींना एकच शब्द मुळीच वापरू नका.

हे मी इतकं ठासून सांगतो त्यामागे एक फोन आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीपुढे असाच एक कागद सहीला आला. त्यात वाक्य होतं, 'उर्वरित गर्भ नष्ट करण्यास आमची संमती आहे.' तिने रडवेल्या आवाजात विचारलं, "दादा, हे माझा गर्भ पाडणार आहेत का रे?" तेव्हा तिच्या पोटात काहीच नव्हतं. कागद बोलत होता तो प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेल्या, टाचणीच्या माथ्याहून लहान अशा पाच दिवसांच्या पेशीपुंजांबद्दल. पण मराठी बाईला 'गर्भ' म्हटलं की तो पोटातच दिसणार. चूक तिची नव्हती, शब्दाची निवड चुकली होती.

आता जुना आधार पाहायचा तर तो माझ्या विरुद्ध जातो, हे कबूल करायला हवं. अमरकोशात स्वच्छ म्हटलंय, 'गर्भो भ्रूण इमौ समौ'. दोन्ही शब्द समानार्थी. एम्ब्रियो आणि फीटस अशी फोड ही आधुनिक शरीरशास्त्राची. आपल्या जुन्या वैद्यकाने टप्पे ओळखले नव्हते असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पहिल्या महिन्यात कलल, दुसऱ्यात घन, तिसऱ्यात हात, पाय आणि डोकं यांचे पाच पिंड असा क्रम दिला आहे. दुसऱ्या महिन्यातल्या त्या घनाच्या आकारांना तिथे पिंड, पेशी आणि अर्बुद म्हटलंय. आज पेशी म्हणजे सेल आणि अर्बुद म्हणजे गाठ. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, बाई दोन हृदयांची होते, म्हणून ती 'दौहृदिनी', असं सुश्रुत सांगतो. आपले डोहाळे त्याच घराण्यातले.

तर संस्कृतात समान असलेले हे दोन शब्द मराठीत मात्र वेगवेगळ्या वाटांनी गेले. गर्भाच्या मुळाशी 'ग्रभ्', म्हणजे धरणे, हा धातू मानतात. गर्भ म्हणजे कुणीतरी आत धरलेलं. हा शब्द घराघरांत झिजून मऊ झाला: फळाचा गाभा, देवळाचा गाभारा, गाभण म्हैस, कोकणात माशाच्या पोटातली गाभोळी. या सगळ्यांत कुणाच्या तरी आत असणं आहे. धरणारा नसेल तर गर्भ नाही. भ्रूण असा कधी झिजला नाही. तो पोथीतून थेट प्रयोगशाळेत आला, म्हणून कोरडा वाटतो. माझ्या मते तोच त्याचा गुण. तो त्या जीवाचं नाव सांगतो, तो कुणाच्या पोटात आहे ते सांगत नाही.

म्हणूनच जीवशास्त्राला तो लागतो. अंड्यातल्या कोंबडीच्या पिलाला गर्भ म्हणणं अवघड जातं, बेडकाच्या अंड्यातल्या जीवाला त्याहून अवघड. बियांच्या बाबतीतही आपण भ्रूण आणि भ्रूणपोष असंच शिकतो. डार्विनने १८५९ साली उत्क्रांतीच्या बाजूने भ्रूणविज्ञानाची साक्ष काढली ती वेगवेगळ्या प्राण्यांचे भ्रूण शेजारी ठेवूनच. त्याआधी, १८२८ साली, कार्ल फोन बेअर या भ्रूणशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की पृष्ठवंशी प्राण्यांचे भ्रूण सुरुवातीला एकमेकांसारखे असतात आणि पुढे वेगळे होत जातात. नंतर हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने त्यावरून भलतंच सूत्र काढलं की प्रत्येक भ्रूण आपल्या पूर्वजांच्या प्रौढ रूपांतून जातो. ते टिकलं नाही, पण भाषेत उरलं. 'माणसाच्या भ्रूणाला कल्ले असतात' हे वाक्य मराठीत अजून भेटतं. कल्ले नसतात. घशाजवळ कमानी असतात. माशात त्यांतल्या काहींचे कल्ले होतात, आपल्यात पहिल्या कमानीपासून जबडा आणि कानातली दोन इवली हाडं घडतात. तेव्हा कुठे लिहायची वेळ आलीच तर 'ग्रसनी कमानी' लिहा.

कायद्याने तर ही फोड दिवसांत मोजली आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात आणि २०२१च्या सरोगसी कायद्यात फलनापासून ५६ दिवसांपर्यंत एम्ब्रियो, ५७व्या दिवसापासून जन्मापर्यंत फीटस. नाव कुठे बदलतं यावर किती भांडण होऊ शकतं ते ब्रिटनमध्ये दिसलं. तिथल्या सरकारने नेमलेल्या वॉरनॉक समितीने १९८४ साली भ्रूणावरच्या संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा सुचवली. साधारण त्या सुमाराला भ्रूणात आदिम रेषा, म्हणजे पुढे घडणाऱ्या शरीराची पहिली खूण, उमटते आणि त्यानंतर एकाचे दोन जुळे होण्याची शक्यता जवळपास संपते. मग काहींनी त्या १४ दिवसांसाठी 'पूर्वभ्रूण' असा शब्द काढला. संशोधनाला वाट मोकळी करण्यासाठीच हे नाव घडवलंय, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. १९९०च्या कायद्यात मर्यादा आली, तो शब्द आला नाही.

आता 'स्त्रीभ्रूणहत्या'. ५६ दिवसांची रेघ लावली तर हा शब्द बसत नाही, कारण सोनोग्राफीत लिंग ओळखू येतं ते त्यानंतर. पण मला जास्त टोचतं ते दुसरंच. भ्रूणहत्या हा धर्मशास्त्रातला महापातकाचा शब्द. वसिष्ठ धर्मसूत्रात ब्राह्मणाला मारणाराही भ्रूणहा, म्हणजे भ्रूणहत्या करणारा, ठरतो आणि 'अविज्ञात' गर्भ, म्हणजे ज्याचं लिंग कळलेलं नाही तो, मारणाराही. कारण तिथेच दिलंय: असा गर्भ पुरुष धरायचा. मुलींच्या बाजूने उभं राहण्यासाठी आपण उचललेल्या शब्दाचा उगम हा असा आहे. शिवाय 'हत्या' म्हटलं की १९७१च्या कायद्याने बाईला दिलेली गर्भपाताची सोयही गुन्ह्यासारखी ऐकू येते. स्त्री-आरोग्याचं काम करणारे कार्यकर्ते म्हणून 'लिंगनिवड' म्हणतात, आणि मीही तेच म्हणतो. महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा, १९८८ साली, कायदा केला तोही निदानतंत्राच्या वापरावर. गर्भपात हा शब्द मात्र राहू द्या. तो त्या बाईच्या शरीराबद्दल आहे, तिथे गर्भच हवा.

अर्भक फीटससाठी नको, अर्भक जन्मलेलं असतं. 'टेस्ट ट्यूब बेबी'चं 'परीक्षानळीतलं बाळ'ही नको. फलन पसरट काचेच्या बशीत होतं आणि तिथे बाळ नसतं, भ्रूण असतो.

तुमच्या संमतिपत्रात पहिल्यांदा शब्द येईल तिथे असं लिहून पाहा: 'भ्रूण म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू यांच्या मीलनातून प्रयोगशाळेत तयार झालेला, अजून गर्भाशयात न सोडलेला जीव.' आणि माझ्या मावसबहिणीच्या कागदावर होतं तसल्या वाक्याच्या जागी: 'न वापरलेले, गोठवून ठेवलेले भ्रूण मुदत संपल्यावर टाकून देण्यास आमची संमती आहे. याचा माझ्या पोटातल्या गर्भाशी संबंध नाही, हे मला समजावून सांगितलं आहे.' आपल्याकडच्या कायद्यात ही साठवणीची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं आहे, तीही तिथेच आकड्यात लिहा.