हेडला पाना लावण्याआधी

प्रश्न : माझा डिझेल पिकअप जुना आहे. रिकामी गाडी दिवसभर चालवली तरी इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही. माल भरून लांब चढ लागला की मात्र काटा लालपर्यंत जातो आणि सपाटीला आल्यावर हळूहळू उतरतो. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) नवा टाकला, रेडिएटर समोरून धुतला, फरक नाही. मिस्त्री म्हणतात, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल. उतरवू का?

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गाडी कधी तापते हे तुम्ही नेमकं लिहिलंय. काय बदललं यापेक्षा कधी तापते, यावरूनच दोष सापडतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर रिकामी गाडीही थोड्याच वेळात तापली असती. तुमच्याकडे उष्णता बाहेर पडते आहे, पण जोर लागला की कमी पडते. चढावर इंजिन पूर्ण ताकदीनं ओढत असतं आणि वेग कमी असल्यामुळे समोरून वारा जवळजवळ येत नाही. मग सगळा भार पंख्यावर आणि रेडिएटरवर येतो. माझा पहिला संशय तिथेच आहे.

तुमच्या गाडीला पट्ट्यावर फिरणारा व्हिस्कस पंखा (मधल्या डबीतल्या घट्ट तेलाच्या पकडीवर फिरणारा) असेल तर इंजिन चांगलं गरम करून बंद करा आणि पूर्ण थांबल्यावर पंखा हातानं फिरवून पाहा. हाताला चांगला विरोध जाणवला पाहिजे. ढकलल्यावर मोकळा गरगर फिरत राहिला, किंवा मधल्या डबीभोवती तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर ती डबी, म्हणजे पंख्याचा कपलिंग, संपला. चालत्या गाडीतही हे कळतं : काटा वर सरकू लागला की पंख्याचा घोंगावता आवाज वाढायला हवा. तो तुम्ही शेवटचा कधी ऐकला, आठवून पाहा. पंखा विजेवरचा असेल तर हात घालण्याआधी बॅटरीची तार काढा, कारण इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं तुटलेलं असेल तर तेही बसवून घ्या. ते नसलं तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत बसतो.

आता रेडिएटर. एसीची गाडी असेल तर समोरून दिसते ती जाळी एसीच्या कंडेन्सरची असते, रेडिएटर तिच्या मागे असतो. या दोघांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि गवताचं बी यांचा नमद्यासारखा थर साचतो. समोरून पाणी मारलं की तो आणखी घट्ट बसतो. वरच्या पट्ट्या सोडवून त्या फटीत टॉर्च मारा. पलीकडून उजेड दिसला नाही तर आजार सापडला म्हणून समजा. पाणी इंजिनच्या बाजूनं पुढे मारायचं, तेही बेताच्या दाबानं, नाहीतर पातळ पत्रे वाकतात.

आतली बाजूही तितकीच महत्त्वाची. बरेच दिवस साधं पाणी भरलं असेल तर नळ्यांत क्षार बसतात. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर गरम रेडिएटरवर आडवा-उभा फिरवा. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत. रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) पाण्याच्या पंपाच्या ओढीकडचा असतो, इंजिनचा वेग वाढवल्यावर तो आत चेपतो का तेही पाहा. रेडिएटरचं झाकण तर लोक विसरूनच जातात. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणानं सुमारे १ बार दाब धरला तर तेच १२५ अंशांच्या पुढे जातं. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा जातो.

हे सगळं ठीक निघालं तरच गॅस्केट. त्यालाही पुरावा मागा. थंड इंजिनला झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे, किंवा झाकण लावून थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं, ही खूण आहे. निळ्या द्रावाची चाचणीही होते, पाण्यात जळका वायू असेल तर त्याचा रंग बदलतो. कधीकधी गॅस्केट फक्त भाराखालीच वायू सोडतं, म्हणून ही चाचणी चढ चढून आल्यावर करायला सांगा. पाणी कमी होतंय पण कुठे गळत नाही, असं असेल तर हेडआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत घेतला जाणारा जळका वायू पाण्यानं थंड करणारा भाग) तपासा. आणि हेड उतरलंच, तर सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून ते वाकलंय का हे तुमच्यासमोर बघितलं जाऊ द्या. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.

तोवर चढावर खालचा गिअर ठेवा, एसी बंद, हीटर पूर्ण चालू (तो इंजिनची उष्णता ओढून घेतो). काटा वर गेला तर सुरक्षित जागी थांबा आणि पाणी शाबूत असेल तर इंजिन आयडलवर राहू द्या. वाफ निघत असेल तर ताबडतोब बंद करा. वरचा होज हातात सहज धरवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

प्रश्न : काटा लालजवळ गेला आणि अचानक थंडवर आला. गाडी आपोआप निवली असं समजायचं का?

उत्तर : मुळीच नाही, ताबडतोब इंजिन बंद करा. पाण्याची पातळी इतकी उतरली की सेन्सर कोरडा पडतो आणि पाण्याऐवजी हवेचं तापमान सांगू लागतो. हीटरमधून गार हवा येत असेल तर ते नक्कीच. गळती सापडल्यावर, कूलंट भरताना हवा बाहेर काढण्याचा स्क्रू उघडून बुडबुडे संपेपर्यंत भरा, नाहीतर एअर लॉक होऊन, म्हणजे आत हवा अडकून, गाडी पुन्हा तापेल.