यंत्रं एवढी गुंतागुंतीची होत चाललीत, मग पुढे माणसाला काम काय उरणार?

भोसरीत २२ वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनवर आहे, आधी साधी, हाताने चालवायची, आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी. प्रश्न वाचला आणि मेहुणा आठवला. सॉफ्टवेअरमध्ये आहे. भर पंगतीत म्हणाला होता, "दाजी, तुमच्या कानाचा सेन्सर निघाला की तुम्ही मोकळे."

कान म्हणजे काय ते सांगतो. रात्रपाळी, ईएन-८ पोलादाच्या शाफ्टचं टर्निंग. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, कड १२० जॉबला बदलायची असं काउंटरमध्ये भरलेलं. सत्तरच्या आसपास आवाज बदलला. चांगला कट कापड फाडल्यासारखा सलग वाजतो, हा मध्येच किरकिरायला लागला. एरवी तुटून पडणारी धातूची चिप लांब, गुंतलेली निघत होती. लोड मीटर जरासा वर, पण अलार्म नाही. मी फीड होल्ड दाबून कट थांबवला. नवा इंजिनिअर धावत आला, "अजून पन्नास बाकी आहेत, थांबवलं कशाला?" सायकल स्टार्ट मारून मशीन त्यानेच पुन्हा चालू केलं. सकाळी क्वालिटीवाल्यांनी ४० शाफ्ट बाजूला काढले. डायमीटर वाढलेला, म्हणून रीवर्कवर, पुन्हा कापून तरी भागलं. मटेरियलची हीट, म्हणजे पोलाद ओतल्याची खेप, बदलली होती, बार कडक आला होता. काउंटर जॉब मोजतो, बार काय माहीत त्याला! रिपोर्टमध्ये मात्र 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' लिहून माझी सही मागितली. केली नाही.

काम उरेल हो. ते जमणारा माणूस उरेल का, ते बोला. माझा कान साध्या लेथवर तयार झाला, हँडल हातात असताना. आताची पोरं पहिल्या दिवसापासून काचेआडून मशीन बघतात. २००९ साली रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचं असंच झालं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलटने अंग काढून घेतलं, आणि तेवढ्या उंचीवर हाताने विमान चालवायची सवयच नसलेल्या वैमानिकांच्या गळ्यात ते पडलं. साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात. २२८ माणसं गेली.

आयटीआयच्या पोरांनी निदान वर्षभर साधी लेथ सोडू नये. सुपरवायझर कितीही हसू दे.

आता मेहुण्याचंही एक खरं आहे. कंपनं पकडणारे सेन्सर आलेत, आमच्या दोन मशीनला बसलेत आणि चांगले चालतात. फक्त अलार्म कितीवर लावायचा ते ठरवायला सेन्सरवाल्यांचा माणूस आला, तेव्हा तो तीन तास मलाच विचारत होता, "काका, आता कसा वाटतोय आवाज?" हे मेहुण्याला सांगायचं राहिलंय. दिवाळीला येणार आहे.