कोवळी रोपं पाखरांपासून कशी वाचवायची

मेथी, पालक, वाटाणा उगवून दोन पानांवर आला की लगेच जाळी घाला. चिमण्या, बुलबुल, कबुतरं नेमका तेव्हाच शेंडा खुडतात आणि शेंडा गेलेलं पालकाचं रोप सहसा सावरत नाही. बांबूच्या कामट्या वाकवून दर दोन फुटांवर कमानी रोवा, उंची फूटभर. जाळीचं भोक दोन सेंटीमीटरपेक्षा लहान हवं. ती रोपांवर नुसती पसरू नका: पानं जाळीला टेकली की पाखरं वरूनच टोचून खातात. ताणून बांधा, कडा मातीत दाबा. सैल जाळीत पाखरांचे पाय अडकतात, बिचारी तडफडून मरतात. म्हणून रोज सकाळी बघाच. पाखरांना घाबरवायला बांधलेल्या चमकत्या फितींवर विसंबू नका, त्यांना ती थोड्याच दिवसांत सरावतात. पाच-सहा पानं आली की जाळी काढा.