स्कीला भोकं घरी पाडा, पण सुटण्याची परीक्षा दुकानात

गुलमर्ग-औलीचे बेत ठरू लागले की पत्रं येतात. या वेळी बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: स्की हाती आली, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरणारी आणि पडताना सोडणारी कळ, सुटं आहे, सोलापुरात ते बसवणार कोण?

पुतण्याने जर्मनीहून नवी स्की आणि सुटं बाइंडिंग आणलं. माझ्याकडे भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल मशीन आहे. घरी जमेल का? (जुळे सोलापूर)

भोकं पाडण्यापुरतं जमेल. मशीनचा हॅमर बंद करा आणि भिंतीची बिटं पेटीतच राहू द्या. आधी स्कीच्या वरच्या बाजूला, बूट बसतो त्या जागेजवळची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच स्कींवर बिटाचं माप छापलेलंच असतं: ३.६ × ९ किंवा ४.१ × ९. पहिला आकडा जाडीचा, दुसरा खोलीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नुसता लाकडी गाभा असेल तर ३.६. आत टायटॅनलचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा असेल तर ४.१. पत्र्याच्या स्कीत बारीक भोक पाडून स्क्रू रेटलात तर पत्रा उचलला जातो, आणि लाकडी स्कीत मोठं पाडलंत तर आट्यांना धरायला लाकूडच उरत नाही.

घाबरायचं असेल तर खोलीला घाबरा. हात जरा जास्त दाबला गेला की बिट तळातून बाहेर डोकावतं. बिटाला टेप गुंडाळून खूण करतात, पण टेप सरकते. त्यापेक्षा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून बिटावर घट्ट बसणारी कॉलर करून घ्या, बिटाचं टोक फक्त ९ मिमी बाहेर राहील अशी. त्यांच्यासाठी ते चहा निवायच्या आतलं काम आहे. मग प्लायवूडच्या तुकड्यावर दोन-चार भोकं पाडून स्क्रू बसवून बघा आणि नंतरच स्कीला हात लावा.

भोक पाडलं की भुगा झटका. कडेला वर आलेली फुगवटी मोठं बिट नुसतं हाताने फिरवून काढा, नाहीतर बाइंडिंग सपाट बसणार नाही. भोकात थेंबभर पाण्याने न सुटणारा लाकडाचा गोंद सोडा. आपल्या कोरड्या हवेत तो फालतू वाटेल, पण तो मुख्यतः पाणी अडवायला आहे. बर्फाचं पाणी भोकातून गाभ्यात उतरलं की गोठताना फुगतं आणि लाकूड कुजवतं. सगळे स्क्रू आधी सैल बसवून मग कर्णाच्या दिशेने थोडे थोडे आवळा. शेवटचे आटे हातानेच. पेचकस पोझीड्राइव्ह ३ नंबरचा लागतो. साधा फुलीचा चालेलसा वाटतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो.

बाइंडिंग नेमकं कुठे बसवायचं? (रेल्वे लाईन्स)

स्कीवर मध्याची रेघ असते, बुटाच्या तळव्याच्या कडेलाही असते. दोन्ही जुळल्या पाहिजेत. बुटाच्या टाचेपाशी तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. बुटाचा ‘साइज’ विसरा, हा आकडा धरा. भोकांच्या जागा दाखवणारं कागदी टेम्प्लेट छापणार असाल तर प्रिंटरला ‘पानात बसव’ म्हणू नका, शंभर टक्क्यांवर छापा आणि कागदावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून बघा. आमचे झेरॉक्सवाले प्रेमाने पाच टक्के लहान करून देतात.

रुंदीचा मध्य तीन-चार ठिकाणी मोजून रेघ आखा. आधी पुढचा भाग, म्हणजे टो-पीस, बसवा. मग बूट त्यात अडकवून टाच रेघेवर येते का बघा आणि त्यानंतरच मागची भोकं पाडा. दोन्ही टोकांची भोकं एकदमच पाडणाऱ्यांची स्की वाकड्या पायाची होते.

जुन्या स्कीवर आधीच आठ भोकं आहेत. नवं बाइंडिंग त्यांच्या शेजारीच येतंय. (साखर पेठ)

जुन्या भोकाच्या मध्यापासून नव्याचा मध्य निदान १० मिमी लांब हवा. तेवढी जागा नसेल तर बाइंडिंग सेंटिमीटरभर पुढेमागे सरकवा. त्याने स्कीच्या वागण्यात थोडा फरक पडेल, पण फाटलेल्या गाभ्यापेक्षा ते परवडलं. जुनी भोकं गोंद लावलेल्या खुंट्यांनी बुजवा. एखाद्या भोकाचे आटेच गेले असतील तर जाड स्क्रू ठोकू नका, तिथे धातूचे आट्यांचे इन्सर्ट बसवतात.

आणखी एक. जुनं बाइंडिंग आणि नवा ग्रिपवॉक तळव्याचा, म्हणजे चालायला सोपा जावा म्हणून तळवा गोलसर केलेला बूट अशी जोडी असेल तर थांबा. जुन्या बाइंडिंगमध्ये तो बूट आत जातो, ‘टक’ असा आवाजही येतो, आणि वेळेला सुटत नाही.

एवढे बारीक स्क्रू कशाला? आमच्या कारखान्यात आरपार नट-बोल्ट मारतो. (एमआयडीसी)

नको. खालून बर्फावर घसरायचं आहे.

मुलगा चौदा वर्षांचा. मागच्या वर्षी बाइंडिंग सारखं सुटत होतं. आकडा वाढवून देऊ का? (होटगी रोड)

हे पत्र वाचून पेचकस तुमच्या हातून काढून घ्यावासा वाटला. हा प्रश्न भोकांपेक्षा मोठा आहे.

बाइंडिंगचं काम दोन आहे: धरणं आणि वेळेला सोडणं. हियाल्मार ह्वाम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकी स्कीपटूचा पाय १९३७ मध्ये मोडला, तेव्हा त्याने पडताना सुटणारं बाइंडिंग बनवलं. किती जोराला सुटायचं ते बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीतल्या आकड्यावर ठरतं; तो आकडा वाढवला की ती सोय तुम्ही काढून घेता. पाय पिळवटला आणि स्की सुटली नाही की आधी नळीचं हाड जातं. गुडघ्यातल्या अस्थिबंधाची हमी तर नेहमीचं बाइंडिंग एरवीही देत नाही.

सारखं सुटतंय तर आधी बाकीचं तपासा. बुटाच्या तळव्याला बर्फ चिकटलेला असताना पाय अडकवत होता का? तळवा झिजलाय का? आणि मुख्य म्हणजे पुढचा दाब: बूट अडकवल्यावर हील-पीसवरचा, म्हणजे टाच धरणाऱ्या मागच्या भागावरचा दर्शक ठरलेल्या खुणेत आहे का? नसेल तर हील-पीस रुळावर पुढेमागे सरकवून तो तिथे आणा. वर्षभरात मुलाने नवा बूट घेतला असेल तर बहुधा दोष इथेच सापडेल.

आकडा वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यात बघतात. मुलाच्या हट्टावरून नाही, बापाच्या अंदाजानेही नाही. तळवा लांब असेल तर त्याच माणसाला आकडा कमी लागतो. पन्नाशी उलटलेल्यांनाही कमी. बाप-लेक एकच आकडा लावून निघत असाल तर तो दोघांपैकी एकाला चुकीचा आहे.

तरीही खिडकीतला आकडा म्हणजे प्रत्यक्षातला जोर नव्हे. स्प्रिंग जुनी होते, ग्रीस सुकतं. तळहाताने बुटाचं टोक बाजूला ठोसून टो-पीस हलून परत मध्यावर येतो का, एवढं घरी बघता येतं. किती जोराला सुटतं हे मात्र मोजण्याच्या यंत्रावरच कळतं. गुलमर्गला उतरल्यावर दुकानात भाडं विचारण्याआधी हे यंत्र आहे का ते विचारा. नसेल आणि मनात शंका असेल तर पोराला तपासलेली भाड्याची जोडी द्या, तुमची स्की हॉटेलात राहू दे.

उन्हाळ्यात स्की कुठे ठेवू? (शेळगी)

पत्र्याखालच्या माळ्यावर नको. एप्रिल-मेमध्ये तिथे काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. कडा पुसून कोरड्या करा, तळाला मेणाचा जाड थर देऊन तो तसाच ठेवा आणि खालच्या खोलीत, कपाटामागे आडव्या ठेवून द्या. वर जुनी चादर टाका, बाइंडिंगमध्ये धूळ जायला नको. चादरीची आपल्याकडे काय कमी!