नोकरी सोडायचं धाडस कुठून आणू?

न्यू जर्सीहून एक वाचक विचारतात: इथं नऊ वर्षं झाली. पगार चांगला, काम अंगवळणी पडलेलं, कंपनीनं माझ्यासाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर होऊन ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. पण मन लागत नाही. वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरला मशीन शॉप आहे, फाउंड्र्यांचे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचे, जॉब करतात. ते वाढवावं असं फार वाटतं. वडील म्हणतात, "तिथंच ऱ्हा, हितं काय हाय?" बायकोही इथं नोकरी करते, एच-४ वर, म्हणजे माझ्यामुळं मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर. मुलं दोन, दोघांचा जन्म इथलाच. राजीनामा लिहायचं धाडसच होत नाही. काय करू?

उत्तर: पत्रभर धाडसाबद्दल लिहिलंत आणि बायकोबद्दल एकच ओळ. सुरुवात तिथूनच करू.

वहिनींचा एच-४ आणि त्यावरचा कामाचा परवाना, दोन्ही तुमच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला टांगलेले आहेत. तुम्ही नोकरी सोडलीत की तिथं राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्यांचा परवानाही तुमच्यामागोमाग जातो. म्हणजे राजीनामा तुम्ही एक लिहिणार आणि नोकऱ्या दोन जाणार. कोल्हापुरात त्यांच्या कामाचं काय, राहायचं सासरी की वेगळं, मुलांच्या शाळेचं कोण बघणार, यातलं एकही तुमच्या पत्रात नाही. तुम्ही ज्याला भीती म्हणताय, त्यातला निम्मा भाग ही न झालेली बोलणी आहेत, असं मला वाटतं.

आता वडील. परदेशातल्या मुलांना वाटतं, म्हातारा घाबरतोय. उद्यमनगरात आयुष्य काढलेला माणूस सहसा घाबरून नको म्हणत नाही, हिशेब माहीत असतो म्हणून म्हणतो. लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६ चा कायदा सांगतो. पण गिऱ्हाईक मोठं असलं की त्याला कायदा दाखवायला कुणाची जीभ रेटत नाही. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. माल तयार आहे पण गाडी निघत नाही, अशा दिवसांतही कामगारांचा पगार द्यावाच लागतो. तेव्हा वडिलांना पटवायच्या भानगडीत पडू नका. गेल्या तीन वर्षांच्या वह्या मागा. किती गिऱ्हाइकं, सगळ्यात मोठ्याचा वाटा किती, येणं किती थकलंय. वह्या दाखवायला ते तयार नसतील, तर धंद्यात भागीदार म्हणून तुम्हाला जागा नाही, हेही तिथंच कळेल. 'मालकांचा पोरगा' म्हणून केबिनमध्ये बसायला न्यू जर्सी सोडू नका.

आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांची चित्रपट कंपनी सोडून बाहेर पडले आणि कोल्हापुरातच 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली. धाडस होतंच. पण ते एकटे निघाले नव्हते, प्रत्येकाच्या हातात कसब होतं, आणि भांडवलाला सीतारामपंत कुलकर्णी होते. या तिसऱ्या गोष्टीबद्दल लोक कमी बोलतात.

तुमच्या भांडवलाचं म्हणाल तर एक गोष्ट आधी तपासा. अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटी पेन्शनचा हक्क मिळायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम. त्या देशाचा भारताशी याबाबत करार नाही, त्यामुळे भारतातल्या कामाची वर्षं त्यात धरली जात नाहीत. नऊ वर्षं पगारातून कापलं गेलं असेल, तर वर्षभरासाठी ते सोडून येणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. ४०१-के, म्हणजे निवृत्तीसाठीची तिथली बचत, घाईनं मोडू नका, ५९½ वयाच्या आधी काढलं तर कराशिवाय सहसा १० टक्के दंडही बसतो. मुलं जन्मानं अमेरिकन, तेव्हा त्यांना भारतात राहता यावं म्हणून ओसीआय कार्डं काढली नसतील तर काढून ठेवा. आणि आय-१४० मंजूर असल्यामुळे रांगेतली तुमची तारीख नोकरी सोडली तरी सहसा टिकते. पुढे एखाद्या कंपनीनं नव्यानं अर्ज केला तर ती उपयोगी पडते. एवढ्यावरही थोडी झोप लागायला हरकत नाही.

मिळालेलं वर्ष वाया घालवू नका. डिसेंबरात येऊन तांबडा-पांढरा ओरपून गेलेल्या माणसाला धंदा कळत नाही. बिनपगारी रजा मिळत असेल तर जुलैत या, पाऊस लागलेला असताना, आणि जमलं तर वहिनींनाही आणा. सकाळी शॉप उघडायला वडिलांच्या आधी जा. एक गिऱ्हाईक मागून घ्या, त्याचा भाव तुम्ही ठरवा, माल नापास झाला की बोलणी तुम्ही ऐका, वसुलीचे फोन तुम्ही करा. वहिनींनी तोवर आपल्या कामाची दोन-चार ठिकाणी चौकशी करावी.

परत गेल्यावरही दोघांना यायचंच असेल, तर निघायची तारीख ठरवा. फक्त बोनस खात्यात जमा व्हायच्या आधी साहेबाला काही बोलू नका.