निबंधाचा मसुदा झालाय, पण 'मुद्दा दिसत नाही' म्हणतात. आता काय करू?

शुद्धलेखन तीनदा तपासलं असं तुम्ही लिहिलंय. ते आता थांबवा. उद्या जो परिच्छेद उडणार, त्याच्या वेलांट्या आज कशाला नीट करायच्या?

एम.ए.ला माझं अगदी हेच झालं होतं. विषय गिरणगाव, म्हणजे मुंबईतला कापड गिरण्यांचा भाग. सुरुवात थेट १८५४, कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी. मग चाळी, खानावळी, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला दत्ता सामंतांचा संप आणि शेवटी टॉवर. सगळं खरं, सगळं क्रमाने, आणि वाचणारा पेंगतोय.

शेवटी डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत प्रिंटआउटचे कात्रीने परिच्छेदवार कपटे केले. प्रत्येकामागे पेन्सिलीने एकच ओळ लिहायची: हा काय सिद्ध करतो? काय सांगतो, ते नव्हे. कपटे उडतात म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. आई दारातून बघून गेली, काही बोलली नाही. अकरापैकी चार कपटे कोरेच राहिले.

शेवटच्या कपट्यामागे मात्र झटक्यात ओळ आली: गिरण्या संपात बुडाल्या असतील, पण त्यांच्या जमिनीचं काय झालं ते मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने ठरवलं. म्हणजे मुद्दा होता, फक्त दहाव्या पानावर दडून बसलेला. तुमचाही बहुधा शेवटच्या पानावरच असेल, आधी तिथे शोधा.

ती ओळ उचलून वर ठेवली आणि बाकीच्यांची झडती घेतली. १८५४ एका वाक्यात मावलं. खानावळींचा परिच्छेद, माझा सगळ्यात लाडका, गेला. संप राहिला, पण त्याचं काम बदललं: आधी तो गोष्टीतला एक टप्पा होता, आता 'संपानेच गिरणगाव संपवलं' म्हणणाऱ्यांची बाजू झाला, जिला मला उत्तर द्यायचं होतं. आणि नेमका पुरावाच मी दोन ओळींत उरकला होता, हे तेव्हा दिसलं. १९९१च्या त्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिकेला मोकळी जागा, म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण मंडळाला) घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१च्या दुरुस्तीनंतर हे वाटे फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचे पडू लागले, म्हणजे शहराचा वाटा आक्रसला. यावर दीड पान नव्याने लिहिलं.

वर्डमध्येही हे जमतं, पण स्क्रीनवर एका वेळी दीडच परिच्छेद दिसतो. लोकलमध्ये उभ्याने फोनवर तर करूच नका, मी करून बघितलंय.